पिकअपच्या हौद्यासाठी हार्ड कव्हर: नागपूरच्या उन्हापावसात आणि संत्र्याच्या हंगामात कोणते सोयीचे?

काटोलरोड_सौरसेवा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

सौर कृषिपंप बसवणे आणि त्यांची दुरुस्ती करणे हा माझा व्यवसाय आहे. मी नागपुरात काटोल रोडला राहतो आणि काम प्रामुख्याने काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर या तालुक्यांत चालते. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आल्यापासून कामाचा व्याप वाढला, आणि गाडीत फिरणाऱ्या सामानाची किंमतही त्याबरोबर वाढली. माझ्या चार दारांच्या इसुझू व्ही-क्रॉसच्या हौद्यात रोज पंपांचे कंट्रोलर, केबलची बंडले, क्रिम्पिंगची अवजारे, मीटर आणि ड्रिल मशीन असते. आजवर ताडपत्री आणि दोरीवर भागवले. परंतु धाब्यावर जेवायला थांबलो तरी एक माणूस गाडीपाशी ठेवावा लागतो, आणि पावसाळ्यात ताडपत्रीला जिथे झोळ पडतो तिथे साचलेले पाणी नेमके कंट्रोलरच्या खोक्यांवर उतरते.

म्हणून हौद्याला कायमचे हार्ड कव्हर बसवायचा विचार आहे. चौकशी केल्यावर तीन प्रकार समोर आले. पहिला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, दुकानाच्या शटरसारखा गुंडाळला जाणारा रोलर. दुसरा तीन फळ्यांचा, घडी घालून केबिनच्या बाजूला सारता येणारा. तिसरा फायबरचे एकसंध झाकण, जे डिकीसारखे गॅसच्या शॉकअपवर वर उचलले जाते. तिन्ही दुकानदार आपलाच माल शंभर टक्के जलरोधक असल्याचे सांगतात.

अडचण अशी की वडिलांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांत थोडाफार माल याच गाडीने नागपूरच्या कळमना बाजारात न्यावा लागतो. शिवाय एचडीपीई पाइपचे वेटोळे कधीमधी हौद्यातच टाकावे लागते. सौर पॅनेल मात्र मी टेम्पोनेच पाठवतो, त्यामुळे त्यांचा प्रश्न नाही. हौदा टेपने मोजला तेव्हा लांबी दीड मीटरच्या आसपास, चाकांवरच्या फुगवट्यांमधले अंतर सुमारे ११० सेंटिमीटर आणि खोली सुमारे ४७ सेंटिमीटर भरली. हौद्यात कंपनीकडून आलेले प्लास्टिकचे लायनर आहे.

चोरीपासून सुरक्षितता, पाऊस, मे महिन्यातले ऊन आणि संत्र्याची ने-आण या चारही गोष्टी सांभाळणारा प्रकार कोणता? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी आणि बसवणाऱ्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

बुटीबोरी_वाडी

नमस्कार भाऊ. माझ्या गाडीला रोलर आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

रोलरची खरी सोय रोजच्या वापरात कळते. एका हाताने हवे तेवढे उघडावे, मधल्या खाचेत अडकवावे आणि त्याच स्थितीत गाडी चालवावी. फॅक्टरीच्या दारावर पावती करताना गार्ड आत काय आहे ते पाहायला मागतो, तेव्हा अर्धे शटर सरकवले की काम होते. कुलूप लावल्यावर वरून ते उचकटणे सोपे नाही, कारण पट्ट्या दोन्ही बाजूंच्या रुळांत अडकलेल्या असतात.

तथापि, त्याची किंमत हौद्याच्या जागेत मोजावी लागते, आणि आपल्या बाबतीत हाच मुद्दा निर्णायक ठरेल असे मला वाटते. शटर गुंडाळले जाते ती पेटी केबिनच्या बाजूला हौद्याच्या आत बसते आणि लांबीतले साधारण २५ सेंटिमीटर खाते. खालच्या दिशेनेही ती जवळजवळ तेवढीच उतरते. आता संत्र्याच्या क्रेटचा हिशेब करा. बाजारात सर्रास दिसणारा क्रेट ५४ बाय ३६ सेंटिमीटरचा आणि २९ सेंटिमीटर उंचीचा असतो. फुगवट्यांमधल्या ११० सेंटिमीटरमध्ये लांबीच्या बाजूने दोन क्रेट जेमतेम बसतात आणि दीड मीटरमध्ये अशा चार ओळी होतात, म्हणजे तळाच्या थरात आठ क्रेट. पेटी बसवली की उरलेल्या सव्वा मीटरमध्ये तीनच ओळी बसतात आणि क्रेट सहावर येतात. पेटीखाली उरणारी जागा २२ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने क्रेट तिच्याखाली सरकत नाही. दुसरा थर तर कोणत्याही सपाट झाकणाखाली मावणार नाही, कारण दोन क्रेटची उंची ५८ सेंटिमीटर होते आणि आपला हौदा ४७ खोल आहे. म्हणजे संत्र्यासाठी झाकण उघडावेच लागेल. प्रश्न एवढाच उरतो, की उघडल्यावर ते किती जागा अडवते. रोलर उघडला तरी पेटी जागची हलत नाही.

'शंभर टक्के जलरोधक' या शब्दांवर विसंबू नका. रोलर तर पाणी आत येणार हे गृहीत धरूनच बनवलेला असतो. पट्ट्यांच्या कडेने झिरपलेले पाणी रुळांच्या पन्हाळीत जाते, तिथून पेटीत आणि पेटीच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांनी हौद्याखाली रस्त्यावर पडते. या नळ्या मोकळ्या आहेत तोवर माल कोरडा राहतो. कडुनिंबाच्या झाडाखाली गाडी लावायची सवय असेल, तर वाळलेली पाने आणि काड्या जूनच्या पहिल्याच सरीत नळीच्या तोंडाशी गोळा होतात, पेटी भरते आणि पाणी हौद्यात सांडते. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी शटर पूर्ण उघडून पेटीत तांब्याभर पाणी ओतावे आणि ते दोन्ही बाजूंनी खाली पडते का, हे वाकून पाहावे.

दुसरी काळजी धुळीची. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडच्या रस्त्यांवरची राख असो वा शेताच्या पांदणीतली माती असो, ती रुळांत बसते. रुळांना ग्रीस मुळीच लावू नये. ग्रीस आणि धूळ यांचा लगदा पॉलिश पेपरसारखा घासतो आणि पट्ट्यांच्या टोकांचे प्लास्टिक खाऊन टाकतो. ओल्या फडक्याने रूळ पुसून कोरडा सिलिकॉन स्प्रे मारावा.

सामान रोजचे आणि संत्रा क्वचित, अशी स्थिती असती तर मी निःसंकोचपणे रोलरच घ्या असे म्हटले असते. आपल्या गरजेला घडीचे कव्हर अधिक जुळते.

हिंगणा_एमआयडीसी

माझे फॅब्रिकेशनचे काम आहे आणि आम्ही बाहेरून आलेली कव्हर बसवूनही देतो. वरील भाऊंनी जागेचा हिशेब नेमका मांडला आहे. मी बसवणाऱ्याच्या नजरेतून काही गोष्टी लिहितो, कारण झाकण चांगले असूनही बसवण्यात गेलेली कव्हर मी अनेक पाहिली आहेत.

पहिला प्रश्न आपल्या लायनरचा आहे. लायनर दोन प्रकारचे असतात. एक हौद्याच्या कडांच्या आतच थांबते. दुसरे कडांवरून बाहेर वळते. घडीच्या कव्हरचे क्लॅम्प कडेच्या पत्र्याला खालून पकडतात. लायनर कडेवरून वळलेले असेल तर क्लॅम्पची पकड पत्र्याऐवजी प्लास्टिकवर बसते. प्लास्टिक उन्हात मऊ पडते, पकड सैल होते आणि समृद्धी महामार्गावरच्या वेगाला झाकण पुढच्या कडेने हलू लागते. अशा वेळी क्लॅम्प येतील तेवढ्याच ठिकाणी लायनर नीट कापून घ्यावे. 'वरूनच घट्ट आवळून देतो' असे म्हणणाऱ्याकडे काम देऊ नये. हौद्यात स्पोर्ट्स बार (केबिनमागे बसवलेली नळ्यांची कमान) असेल तर तेही आधीच सांगा, कारण बहुतेक घडीची आणि एकसंध झाकणे बारशी जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट छिद्रांची. क्लॅम्पवर बसणारे कव्हर मिळत असताना हौद्याच्या पत्र्याला ड्रिल मारू देऊ नये. मारावेच लागले, तर छिद्राची कड कानसीने साफ करून, झिंकयुक्त प्रायमर लावून आणि तो वाळू देऊन मगच बोल्ट घालावा. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, स्टीलचा बोल्ट आणि त्यांच्यामध्ये पावसाचे पाणी अशी गाठ पडली की अ‍ॅल्युमिनियम गंजू लागते आणि बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते. तिथे रबर किंवा नायलॉनचा वायसर हवा.

तिसरी गोष्ट उन्हाची, आणि नागपुरात ती पुस्तकी राहत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. ते सावलीतल्या हवेचे. काळ्या पावडर कोटिंगच्या झाकणाचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. दीड मीटर लांबीचे अ‍ॅल्युमिनियम डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत दोन मिलिमीटरच्या आसपास वाढते, आणि हौद्याचे पोलाद तेवढ्याच तापमानफरकाला त्याच्या जवळपास निम्मेच वाढते. हा फरक कुठेतरी सामावला पाहिजे. म्हणून फळ्यांच्या आणि कडेच्या मधे रबराचे बीडिंग दबून राहील एवढी फट ठेवतात. ज्याने हिवाळ्यात ही फट शून्य करून 'एकदम टाइट बसवले' आहे, त्याच्याकडे उन्हाळ्यात कुलपाची जीभ खाचेत जात नाही आणि गिऱ्हाईक कुलूप बदलत बसते. बीडिंगसाठी ईपीडीएम रबर मागा. साधे काळे रबर दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते. अंगठ्याने दाबल्यावर लगेच मूळ आकारात आले नाही, तर ते घेऊ नये.

फायबरच्या एकसंध झाकणाबद्दल एवढेच सांगतो, की दिसायला ते सर्वांत सुबक असते आणि वरून पाणी येण्याची जागाही त्यातच सर्वांत कमी असते, कारण त्याला मधे सांधा नाही. पण ते काढायला दोन माणसे लागतात, काढल्यावर ठेवायला घरात भिंत लागते आणि पाइपच्या वेटोळ्यासाठी प्रत्येक वेळी ते काढणे कोणाकडूनही होणार नाही. आपल्यासाठी ते योग्य वाटत नाही.

राहिला भार. माहितीपत्रकात झाकणावर अमुक किलो वजन चालते असे छापलेले असते. तो आकडा सगळ्या पृष्ठभागावर सारख्या पसरलेल्या भाराचा असतो. पॅनेल पुसायला माणूस त्यावर चढला तर सगळे वजन दोन टाचांवर येते आणि फळीचा आतला थर बसतो.

वरूडचा_बागायतदार

मी फक्त संत्र्यापुरते लिहितो.

संत्रा बंद झाकणाखाली नेऊच नये. फळ तोडल्यानंतरही श्वसन करते, त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. बंद हौद्यात हा ओलावा झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबांनी जमून पुन्हा फळावर पडतो आणि देठाजवळ सड सुरू होते. आंबियाच्या वेळी हवा थंड असल्याने पटकन कळत नाही. मृगाचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हा दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की फळ मऊ पडते. क्रेटच्या जाळीतून हवा खेळती राहिली पाहिजे. म्हणून त्या दिवशी झाकण घरी ठेवावे, क्रेट दोन थरांत रचून पट्ट्याने बांधावेत आणि वरून हिरवी शेडनेट टाकावी. भल्या पहाटे निघून सौद्याच्या आधी कळमन्यात पोहोचावे, हे आपल्या वडिलांना मी सांगायला नको.

आपल्याला असे झाकण हवे, की जे दोन माणसे काही मिनिटांत उतरवून गोठ्याच्या भिंतीला उभे करतील. बाकी निवड त्यावरून आपोआप होईल.

सदर_सर्व्हेअर

मोटार विम्याच्या सर्व्हेचे काम करत असल्याने कागदपत्रांबाबत लिहितो, कारण हा भाग बहुतेक जण दाव्याच्या वेळी प्रथमच वाचतात.

गाडीसोबत कंपनीकडून न आलेली आणि नंतर बसवलेली वस्तू विम्यात आपोआप धरली जात नाही. कव्हरचे जीएसटीचे बिल घ्या, पॉलिसीत त्याची किंमत बिगर-विद्युत अ‍ॅक्सेसरी म्हणून स्वतंत्र नोंदवून घ्या आणि त्याचा हप्ता भरा. तसे न केल्यास गाडीला मागून धडक बसली की फाळक्याचे (हौद्याच्या मागच्या दाराचे) पैसे मिळतील, कव्हरचे मिळणार नाहीत. हौद्यातल्या अवजारांना आणि कंट्रोलरना मोटार पॉलिसी लागू होत नाही. त्यांचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलांत तफावत पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमावर दिलेल्या निकालानंतर याकडे गांभीर्याने पाहिले जाते. हौद्याच्या कडांच्या आत बसणारे, काढता येणारे झाकण गाडीची लांबी, रुंदी किंवा उंची बदलत नाही. खिडक्या असलेला उंच कॅनोपी मात्र वेगळी बाब आहे. त्याने गाडीचे रूपच पालटते. उद्या तसा विचार झाला, तर गाडी एमएच-३१, ४० किंवा ४९ पैकी जिथे नोंदलेली असेल त्या आरटीओ कार्यालयाकडे आधी लेखी विचारणा करून घ्या.

आणखी एक विनंती. हौदा बंद झाला की तो खोलीच झाला असे समजा. पेट्रोलचे कॅन आणि गॅस सिलिंडर त्यात कधीही ठेवू नका. आपल्या कामात पीव्हीसीचे सोल्व्हंट सिमेंट असते; मे महिन्यात बंद हौद्यात त्या डब्याचे झाकण फुगते, वाफ कोंडते आणि ती ज्वलनशील असते. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्याही उन्हाळ्यात बंद हौद्यात ठेवू नयेत.

काटोलरोड_सौरसेवा

सर्वांचे मनापासून आभार. क्रेटचा हिशेब वाचून लगेच हौद्यात रिकामे क्रेट मांडून पाहिले आणि तळाच्या थरात आठच बसले. सोल्व्हंट सिमेंटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. ते डबे यापुढे टेम्पोतून पाठवीन.

आता तीन फळ्यांचे, क्लॅम्पवर बसणारे कव्हर घेण्याचे जवळपास निश्चित केले आहे. लायनर तपासले, ते कडांच्या आतच थांबते. दोन शंका उरल्या. घडीच्या कव्हरला वरून कुलूपच दिसत नाही, मग चोरीचे काय? आणि शेताच्या वाटेवरची धूळ ताडपत्री असतानाही आत भरत असे; ती या झाकणाने थांबेल का?

हिंगणा_एमआयडीसी

दोन्ही शंकांचे उत्तर फाळक्यात आहे.

घडीच्या कव्हरच्या मागच्या फळीचे खटके आतल्या बाजूला असतात आणि फाळका पाडल्याशिवाय त्यांना हात पोहोचत नाही. म्हणजे झाकणाचे कुलूप हेच फाळक्याचे कुलूप. फाळका किल्लीने बंद होतो का, आणि केबिनच्या सेंट्रल लॉकिंगबरोबर होतो की स्वतंत्रपणे, हे आजच तपासा. किल्लीचे कुलूप नसेल, तर झाकणाच्या आधी फाळक्याच्या कुलपावर खर्च करा. ते नसताना सर्वांत महागडे कव्हरदेखील एका हँडलने उघडते.

धुळीचेही तसेच आहे. गाडी धावत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे मागची धूळ वर उठून फाळक्याच्या फटींतून आत ओढली जाते. झाकण वरून कितीही बंद असले तरी ही वाट मोकळीच राहते. फाळका आणि हौदा यांमधल्या तिन्ही कडांना पोकळ, फुग्याच्या आकाराचे ईपीडीएम बीडिंग लावावे लागते. बरेच जण खालची कड सोडून देतात आणि सगळी धूळ तिथूनच येते. बिजागऱ्यांजवळच्या दोन कोपऱ्यांत बीडिंग तुटू न देता वळवून घ्या. चिकटवण्यापूर्वी पत्रा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करा, अन्यथा पहिल्या उन्हाळ्यातच ते सुटेल. हौद्याच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे मात्र बुजवू नका. थोडे पाणी आत येणारच आहे आणि त्याला बाहेर जायला वाट हवी. कंट्रोलरची खोकी थेट तळावर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा.

पूर्ण पैसे देण्यापूर्वी एक चाचणी दुकानातच करून घ्या. हौद्यात रद्दी पेपर पसरा, झाकण आणि फाळका बंद करा आणि पाइपने सगळ्या बाजूंनी पाणी मारायला सांगा, विशेषतः केबिनच्या बाजूच्या कडेवर, कारण ब्रेक मारल्यावर झाकणावरचे पाणी तिकडेच धावते. उघडल्यावर कोणता पेपर ओला झाला यावरून गळती कुठे आहे ते तिथल्या तिथे दिसते. बसवल्यानंतर काटोलला एक फेरी झाली की सर्व क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या. अर्धवट घडी घालून गाडी चालवायची वेळ आली, तर घडी घातलेल्या फळ्या सोबत आलेल्या पट्ट्यांनी बांधल्याशिवाय गाडी हलवू नका, आणि संत्र्यासाठी झाकण उतरवाल तेव्हा क्लॅम्पचे नट एका पिशवीत घालून ती झाकणालाच बांधून ठेवा.